चिकटवा आणि लोळवा : हे विचित्र जपानी गेम गोऱ्यांना एवढे का आवडतात?

रात्रपाळी

परवा माळा आवरायला घेतला आणि प्लेस्टेशन टूची (पीएस टू, टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं यंत्र) एक जुनी डिस्क सापडली, मग आवरणं राहिलं बाजूला आणि दुपार गेली, म्हणून हा धागा.

डिस्क कटामारी दामाशीची. २००५ ला मी ओहायोत एमएस करत होतो, रूममेट तिथलाच, बापाची मक्याची शेती, जपानशी संबंध म्हणजे दारातली टोयोटा. हा गडी एकदा दुकानातून २० डॉलरला हा गेम घेऊन आला. (नवे गेम तेव्हा ५० ला असायचे, त्यामुळे मला वाटलं सेकंडहँड उचलला.) लावला तर काय, एक राजा आहे, अख्ख्या ब्रह्मांडाचा, त्याने एका रात्री तंद्रीत आकाशातले सगळे तारे फोडून टाकलेत आणि आता ते परत बनवायचं काम पोराच्या गळ्यात. पोरगा ५ सेंटीमीटरचा. त्याला एक चिकट गोळा दिलाय, तो लोळवायचा, जे लहान असेल ते चिकटतं. टाचण्या, खोडरबर, संत्री, मग चपला, मग मांजर, मग माणसं, गाड्या, इमारती. पहिल्या लेव्हलला ३ मिनिटांत ५ चे १० सेंटीमीटर करायचे, आणि शेवटी चंद्र बनवायचा तेव्हा ३०० मीटर.

त्यातली एक गोष्ट मी विसरलो नाही. सुरुवातीला घरात एक मांजर असतं ते तुम्हाला धडक मारतं, गोळा हातभर उडतो, चिकटलेल्या चार वस्तू निखळून पडतात. चीड येते. मग तुम्ही बाहेर जाता, मोठे होता, आणि दहा मिनिटांनी तसलंच मांजर पुढ्यात येतं आणि आता तुम्ही त्याच्यावरून जाता आणि ते 'म्यांव' करून चिकटतं. रूममेट ह्या क्षणी उभा राहून ओरडला होता. सहा फूट दोन इंचाचा माणूस.

तर प्रश्न असा की ह्या लोकांकडे स्वतःचे ढीगभर गेम असताना, बंदुका गाड्या फुटबॉल सगळं असताना, त्यांना हेच असलं काहीतरी का लागतं? आणि लागतं म्हणजे नुसतं खेळून सोडत नाहीत, जिवाला लावून घेतात. न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमने २०१२ मध्ये पहिल्यांदा १४ गेम आपल्या संग्रहात घेतले त्यात पॅकमॅन, टेट्रिसच्या पंगतीला हा गोळा आहे.

फोडणीची पोळी

रुमाल टाकून ठेवते, लेकाला झोपवून येते. तोवर, हा बनवला कोणी?

रात्रपाळी

पोळीताई, केईता ताकाहाशी म्हणून आहे. मूळचा शिल्पकार, आर्ट कॉलेजचा. कॉलेजात त्याने बकरीच्या आकाराची कुंडी बनवली होती, झाडाला घातलेलं जास्तीचं पाणी आचळांतून बाहेर येतं. हे कळल्यावर मला तर सगळा गेमच कळला. नामको कंपनीत लागला, तिथे शिकाऊ पोरांना हाताशी धरून १० लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात हे केलं. २००४ ला जपानात आला, त्याच वर्षी अमेरिकेत.

आणि ह्याला दुसरा भाग काढायचाच नव्हता म्हणे. कंपनीने लावला. मग त्याने दुसऱ्या भागाची गोष्टच अशी केली की पहिल्या गेमचे चाहते राजाकडे मागण्या घेऊन येतात, आमच्यासाठी हे गोळा कर ते गोळा कर, आणि राजा खूश होऊन पोराला कामाला लावतो. सरकारी कामात असतो ना तसा नम्र टोमणा.

बाराखडी_बिघडली

माफ करा पण मला ह्यात 'जपानी लोक कसे येडे' ह्याच्यापलीकडे काही दिसत नाही. पाश्चात्त्यांची ही जुनी खोड आहे, जपान म्हणजे एकतर सामुराई नाहीतर वेंडिंग मशीनमधलं काहीतरी विचित्र. असा एखादा गेम खेळला की आपण इतरांपेक्षा वेगळे असं वाटतं, कॉफी हाउसात सांगायला बरं. विकले किती गेले ते बघा की. आपल्याकडेही कोणी खेळलं नाही. (नकली डिस्क चालावी म्हणून) चिप मारलेला पीएस टू आणि १०० रुपयाची डिस्क, त्यात सॅन अँड्रियास (गाड्या, गोळीबार) आणि डब्ल्यूडब्ल्यूई (कुस्ती), संपला विषय.

गंजलेला_रिमोट

बाराखडीराव थांबा थांबा. आपल्याकडं कुणी खेळलं नाय म्हंता? टीव्ही गेम विसरला काय?

आमच्या सांगलीत ९६-९७ ला दर गल्लीत एक तरी घर असायचं, पिवळी नायतर काळी कॅसेट, वर लिवलेलं ९९९९ इन १, आत खरे गेम वीस-पंचवीस, बाकी त्येच परत परत. तो डबा म्हंजे निन्टेन्डो कंपनीच्या जपानी फॅमिकॉम यंत्राची नक्कल होती हे मला तिशीत कळालं. मूळ फॅमिकॉम १९८३ चा. आणि त्यातलं सगळं जपानी! मारिओ, काँट्रा, बॉम्बरमॅन, सर्कस चार्ली, ते फुगं बांधून उडायचं बलून फाइट.

आता सांगा, इटालियन प्लंबर, मिश्या, पाइपातनं आत जातोय, मशरूम खाऊन मोठा हुतोय, कासवावर उड्या मारतोय. ह्यापेक्षा येडपट काय आस्तंय? पण आमी कदी म्हणालो का 'अरे किती विचित्र'? आमचा प्रश्न एकच, दुसरा रिमोट कुणाकडं. मला वाटतं विचित्र वाटायला आधी सरळ काय हे माहीत आसाय लागतं. गोऱ्यांच्या पोरांना सरळ गेम माहीत होते. आमाला हेच सरळ.

ओसाकेकर

रिमोटभाऊंनी नेमकं धरलंय. इथे ओसाकात सहा वर्षं राहतोय, भाषांतराचं काम करतो, म्हणून थोडी भर.

कटामारीत जे चिकटतं ना, ते पाश्चात्त्यांना परग्रहावरचं वाटलं पण इथे ते माझ्या शेजारच्या काकूंच्या घरातलं सामान आहे. कोतात्सु म्हणजे गोधडी लावलेलं बुटकं टेबल, खाली हीटर, थंडीत सगळे पाय घालून बसतात. त्यावर हमखास संत्र्यांची टोपली. पोरांची ती चौकोनी कडक दप्तरं, रांदोसेरु. दारुमा बाहुली, माजोंगच्या सोंगट्या, भिंतीवरचं कॅलेंडर. सगळं साधं, थोडं जुनाट, एखाद्या निमशहरी घरातलं. इथल्या माणसाला गोळ्याची कल्पना विचित्र वाटते, सामान नाही. ओहायोतल्या माणसाला दोन्ही विचित्र. म्हणजे त्याला डबल मिळालं. आणि गंमत, त्यातल्या अर्ध्या वस्तू काय आहेत हे न कळता त्याने त्या तासन् तास गोळा केल्या, हळूहळू त्याला त्या घराची सवय झाली.

दुसरं म्हणजे इथेही सगळे हेच खेळतात असं नाही हो. इथे धो धो खपतात ड्रॅगन क्वेस्ट, मॉन्स्टर हंटर. ह्या असल्या गेमना इथे वेगळा शब्दच आहे, 'बाकागे'. बाका म्हणजे मूर्ख, आणि गेममधला गे. त्यामुळे 'जपानी लोक येडे' हे बाराखडीराव म्हणतात ते मलाही खटकतं, पण उलट बाजूने. जपान्यांनाही ते येडेच वाटतात.

फोडणीची पोळी

झोपला एकदाचा. वाचलं सगळं. ओसाकेकर, मग ते डासाचं काय? मला नवऱ्याने एकदा दाखवलं होतं, आपण डास असतो आणि एका कुटुंबाचं रक्त प्यायचं. मी म्हटलं हे बघायला मला गेम कशाला हवाय, संध्याकाळी साडेसहाला खिडकी उघड.

ओसाकेकर

:) 'मिस्टर मॉस्किटो'. जपानमध्ये नुसतं 'का', म्हणजे डास. २००१. यामादा कुटुंबाच्या घरात उन्हाळाभर रक्त साठवायचं म्हणजे हिवाळा निघतो. कोणी टीव्ही बघतंय, कोणी आंघोळ करतंय, तुम्ही मानेवर बसायचं आणि हळूहळू ओढायचं, घाई केली की चापट. हा चक्क पाश्चात्त्य बाजारातही निघाला पुढच्या वर्षी.

असं काही निघू शकायचं ह्याचं कारण सांगतो, ते जास्त महत्त्वाचं आहे. सीडी छापायला स्वस्त, कॅसेटसारखी चिप लागत नाही. पीएस टू जगभरात १५ कोटींहून जास्त खपला. इतक्या घरांत मशीन म्हटल्यावर त्यातल्या मूठभरांनी घेतला तरी छोट्या गेमचा खर्च निघायचा. पुढे एचडी आलं, बनवायचा खर्च कुठच्या कुठे गेला, आणि मधल्या आकाराचे हे गेम आधी मेले. सुंदर कल्पना लोकांना तेव्हा जास्त सुचायच्या असं काही नव्हतं, चुकायला परवडायचं.

वेम्बली_वडापाव

उशिरा आलो, कामावर होतो. बाराखडी, तुमचं 'वेगळे दिसायला खेळतात' हे काही जणांना लागू आहे, नाकारत नाही. पण मी स्वतः २००१ ला इथे लंडनात विब रिबन नावाचा जपानी गेम खेळलोय आणि मला कोणालाच काही दाखवायचं नव्हतं, मित्रच नव्हते.

काळी स्क्रीन, पांढऱ्या रेघा, बस. रेघांचा एक ससा चालतो, गाण्याच्या तालाप्रमाणे रस्त्यात खड्डे, वळणं, डोंगर येतात. चुकलात तर ससा फाटत जातो, मग बेडूक होतो, अजून चुकलात तर किडा. आणि कमाल म्हणजे गेम एकदा लोड झाला की डिस्क काढायची आणि स्वतःची गाण्याची सीडी टाकायची, त्यावरून तो रस्ता बनवणार. मी वडिलांची लावण्यांची सीडी टाकली. देवा रे. ढोलकी सुरू झाली आणि रस्ता असा काही आला की ससा चार सेकंदांत किडा. वडील मागे सोफ्यावर, ते म्हणाले अरे त्याला सम कळत नाहीये. मग स्वतः हातात कंट्रोलर घेतला, आयुष्यात पहिल्यांदा.

त्यातलं काहीही 'जपानी' नव्हतं हो, रेघा होत्या. बरं, तो अमेरिकेत तेव्हा निघालाच नाही, थेट २०१४ ला डाउनलोडवर आला. आणि आम्हाला युरोपात कटामारीचा पहिला भाग मिळाला नाही, दुसरा आला २००६ ला. आपल्याला मिळालं नाही ह्याचीही एक ओढ असते. माझ्या ऑफिसातला एक जण नुसता ओउएन्दान हा गेम खेळायला जपानी काना (लिपी) शिकला. निन्टेन्डो डीएसला (हातात धरून खेळायचं यंत्र) देशाचं कुलूप नव्हतं, कुठल्याही देशातला गेम चालायचा, त्यामुळे लोक जपानहून मागवायचे. शाळेचे गणवेशवाले तीन रांगडे चिअरलीडर, कोणी अभ्यासात अडकलं की हे आभाळातून पडल्यासारखे येऊन त्याला धीर देतात. इतके मागवले की त्याच लोकांनी २००६ ला पाश्चात्त्यांसाठी वेगळा गेम बनवला, काळ्या सुटातले एजंट घालून. चांगला होता. पण ते गणवेशवाले ते गणवेशवालेच.

रात्रपाळी

वडापावभाऊ 'त्याला सम कळत नाहीये' ला लोटांगण.

मला एक अजून सुचतंय, लिहितो, पटतं का बघा. ज्यांना आपण विचित्र जपानी म्हणतो त्यातले कितीतरी गेम जपानबद्दल नाहीतच, ते अमेरिकेबद्दल आहेत.

अर्थबाउंड घ्या. जपानी नाव मदर २, १९९४. लिहिणारा शिगेसातो इतोई, व्यवसायाने जाहिरातीतला कॉपीरायटर. पोरगा बेसबॉलची टोपी घालून बॅट घेऊन ईगललँड नावाच्या देशात फिरतो, बर्गर खातो. बाप कधीच दिसत नाही, फक्त फोनवर असतो, त्याला फोन केला की गेम सेव्ह होतो, आणि राक्षस मारल्याचे पैसे तो एटीएममध्ये टाकतो. मधेच पोराला घरची आठवण येते आणि तो लढाईत गप्प उभा राहतो, वार करत नाही. औषध काय? आईला फोन. मी ओहायोत असताना हा भाग आला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, म्हणजे घरी दुपार. मी खरंच फोन लावला. आई म्हणाली काय झालं, पैसे हवेत का?

तर अमेरिकन पोरांनी ह्यात स्वतःचीच गल्ली बघितली, पण लांबच्या माणसाने ऐकीव माहितीवर काढलेली. आपल्याकडे परदेशी माणूस नऊवारी नेसून फेटा बांधून आला की आपण कसे हसतो पण मनातून सुखावतो, तसं काहीतरी. डेडली प्रीमोनिशनही तेच, ओसाकाच्या कंपनीने वॉशिंग्टन राज्यातलं गाव रंगवलंय, नो मोअर हिरोज कॅलिफोर्नियात. आणि परापा द रॅपर, तो कागदासारखा चपटा कुत्रा, सगळे म्हणतात काय टिपिकल जपानी चित्रं! चित्रकार रॉडनी ग्रीनब्लाट, न्यूयॉर्कचा.

फोडणीची पोळी

परापा मला माहितीये! त्यात कराटे शिकवणारे गुरुजी कांदा असतात. डोक्याचा कांदा. नाशिककर असल्याने मी ह्याला विचित्र मानायला नकार देते, आमच्याकडे बाजार समितीत ह्याहून रागीट कांदे बघितलेत.

बाराखडी_बिघडली

ठीक आहे, अमेरिकेबद्दलचा मुद्दा चांगला आहे, मान्य. पण मग आवडला तर खपला का नाही? अर्थबाउंड तिकडे आपटला होता ना?

रात्रपाळी

सपशेल. जपानात ५ लाखांवर, अमेरिकेत साधारण १ लाख ४० हजार. आणि त्याला कारण जाहिरातही असेल, १९९५ ला त्यांनी घोषवाक्य काढलं की हा गेम घाण वास मारतो! सोबत खरवडून वास घ्यायची कार्डं. एका मायेच्या गोष्टीला विकायला ढेकर-पादण्याचा बाज लावला. म्हणजे बघा, विक्रेत्यालाही कळलं नव्हतं की ह्यात लोकांना काय आवडणार आहे, त्याला नुसतं 'विचित्र' दिसलं.

पण ज्या लाखभर पोरांनी खेळला ती सोडेनात. पुढचा भाग मदर ३ जपानात २००६ ला आला, इंग्रजीत काढायचं कोणी नाव घेईना, तर चाहत्यांनी स्वतः भाषांतर करून २००८ ला फुकट वाटलं. आणि त्याच चाहत्यांच्या मंडळीतून टोबी फॉक्स नावाचं पोरगं आलं, त्याने २०१५ ला अंडरटेल काढला. तो खपला की नाही ते तुम्हीच बघा.

गंजलेला_रिमोट

आवांतर पण सांगाय पायजे. हा मदर २ बनताना पार रखडला हुता, मोडीत निघायची वेळ. तवा एका प्रोग्रामरला बोलावलं, त्यो म्हणाला आहे तेच दुरुस्त करायचं तर दोन वर्षं, नव्यानं लिवायचं तर आर्धं वर्ष. नव्यानं लिवला. त्यो म्हंजे सातोरू इवाता, पुढं निन्टेन्डोचा अध्यक्ष झाला, २०१५ ला गेला. आणि आपल्या पिवळ्या कॅसेटीतला बलून फाइट? त्योबी त्यानंच प्रोग्राम केलेला. सांगलीच्या गल्लीत आमी त्याच माणसाचे फुगे फोडत हुतो.

ओसाकेकर

वा! हे आवांतर नाही, हेच मुख्य.

भाषांतरकार म्हणून एक रडगाणं. तुम्हाला जे पोचतं ते मुळातलं नसतं, मधे आमच्यासारखा कोणीतरी बसलेला असतो. अर्थबाउंडमध्ये दारूचे गुत्ते कॅफे झाले, हॉस्पिटलवरचा लाल क्रॉस गेला. वकिलाचा तो गेम, एस अटर्नी, मूळ २००१ चा जपानी कोर्टकचेऱ्यांवरचा, इंग्रजीत करताना म्हणाले हे लॉस एंजेलिस. त्यातली माया रामेनवर (जपानी शेवयांचं सूप) तुटून पडायची ती बर्गरवर पडायला लागली. पुढच्या भागांत डोंगरातली जपानी खेडी, देवळं, किमोनोतल्या बायका येत गेल्या, आणि हे सगळं कॅलिफोर्नियात! चाहत्यांनी त्या प्रदेशाचं नावच जपानिफोर्निया पाडलं. आता हा विचित्रपणा कोणाचा धरायचा? लेखकाने तर साधी वकिलाची गोष्ट लिहिली होती. तरी मला ते आवडतं, कारण ज्याने बर्गर केला त्याने विनोदही तितकेच नवे घडवले, शब्दाला शब्द ठेवला असता तर कोणी हसलं नसतं.

वेम्बली_वडापाव

आणि वाईट बनलेले विसरू नका. डेडली प्रीमोनिशन, २०१०. एका साइटने १० पैकी १०, दुसऱ्याने १० पैकी २. गिनेस बुकात नोंद आहे, सर्वात टोकाची मतं पडलेला सर्व्हायव्हल हॉरर (भीतीच्या वातावरणात जीव वाचवायचा) गेम म्हणून. खरं सांगतो दोन्ही बरोबर आहेत. गाडी चालवणं म्हणजे फ्रीज ढकलणं. पण त्यातला एफबीआयवाला सकाळी हॉटेलात कॉफी ओततो आणि दुधाने काढलेल्या आकृतीत त्याला खुनाचं भविष्य दिसतं, आणि गेम हे अजिबात डोळा न मारता सांगतो. मला वाटतं सगळं त्यातच आहे. पाश्चात्त्य विनोदी गेम मधेमधे कोपरखळी मारतात, बघ हं आम्ही गंमत करतोय. हे मारत नाहीत. डासाच्या गेममध्ये डास असणं ही गंभीर नोकरी आहे.

बाराखडी_बिघडली

हे 'डोळा न मारता' पटलं. दशावतारात राक्षस मधेच गावच्या सरपंचाला टोमणा मारतो ते वेगळं आणि तोच राक्षस पूर्ण राक्षस म्हणून उभा राहतो ते वेगळं. दोन्ही चालतं, पण अंगावर काटा दुसऱ्यानेच येतो. असो, कुठे मिळेल हा गोळा? पीएस टू भंगारात गेला.

रात्रपाळी

चला, मासा लागला. 'रीरोल' नावाने २०१८ ला पीसी आणि स्विचवर परत काढलाय, जुनाच, चित्रं स्वच्छ करून. कंट्रोलरच्या दोन्ही काड्या एकदम पुढे ढकलायच्या, वळायला एक पुढे एक मागे, पहिला अर्धा तास शिव्या द्याल. आवाज चालू ठेवा, ते 'ना ना नाना' सुरुवातीचं गाणं बंद करून खेळणं म्हणजे पाप.

फोडणीची पोळी

धागा वर काढतेय कारण अपडेट आहे. नवऱ्याच्या लॅपटॉपवर घेतला रविवारी. लेक (वय ७) खेळतोय, आणि सासूबाई शेंगा सोलत शेजारी. त्यांना गेम हा प्रकार मुळात आवडत नाही. पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग सुरू, 'अरे ते खोडरबर राहिलं बघ. तिकडे टेबलाखाली. आधी लहान लहान उचल, मोठं मग. अरे कोपरा सोडू नये, कोपऱ्यातच घाण असते.' जशा दिवाळीच्या साफसफाईला मला सांगतात अगदी तश्शा! आणि लेक ऐकत होता! मी गेली आठ वर्षं ऐकत नाही ते तो ऐकत होता.

वेळ संपली तेव्हा ९ सेंटीमीटर ४ मिलिमीटर झाले होते, राजा येऊन पोराला वाट्टेल ते बोलला. सासूबाई स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, स्वतः तारे फोडले आणि पोराला बोलतोय मेला. परत लाव रे.

शेंगा तशाच राहिल्यात. रात्रपाळी, ते मांजर नक्की कधी चिकटतं ते सांगा, इकडे दोघं अडून बसलेत.

रात्रपाळी

पोळीताई, घरातून अंगणात जायला मिळालं की. मांजराच्या मागून या म्हणावं, तोंडासमोरून नको.